जमिनीच्या सीमेवरून निर्यात, नाक्यांचा खर्च आणि आधुनिकीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लासलगाव-पिंपळगावचा कांदा आणि वरुड-मोर्शीची संत्री बांगलादेशात जातात ती मुख्यतः ट्रकने, पश्चिम बंगालच्या नाक्यांवरून. त्यामुळे तिथल्या रांगेचा फटका थेट इथल्या बाजारभावाला बसतो. निर्यातदार, वाहतूकदार आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून सतत येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे खाली दिली आहेत. भर पेट्रापोल (भारताची बाजू)–बेनापोल (बांगलादेशची बाजू) या नाक्यावर आहे, कारण भारत-बांगलादेश भूमार्गाच्या व्यापारातला सर्वात मोठा वाटा त्याच नाक्याचा आहे.

साधा कस्टम्स नाका आणि भूबंदर यांत फरक काय?

सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ७ खाली अधिसूचित झालेली जागा म्हणजे भू-सीमाशुल्क स्थानक. तिथे एक खोली, एक फाटक आणि दोन कर्मचारी एवढेच असले तरी कायद्याच्या लेखी ते स्थानकच. भूबंदरात, म्हणजे एकात्मिक तपासणी नाक्यात (आयसीपी), सगळी कामे एका कुंपणात आणलेली असतात: कस्टम्स, इमिग्रेशन, सुरक्षा दल, प्लांट क्वारंटाइन (शेतमालाची कीड-रोग तपासणी), वजनकाटा, गोदाम, माल उतरवायची शेड, पार्किंग आणि बँक. आयसीपी नसेल तर वजन एका गावात, फायटोचे (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्याचे) कागद दुसऱ्या गावात आणि पार्किंग तिसऱ्याच कुणाच्या जागेत, अशी वणवण होते.

ही बंदरे भारतीय भूबंदर प्राधिकरण चालवते. त्याचा कायदा २०१० चा, पण प्रत्यक्ष स्थापना १ मार्च २०१२ ची. हे प्राधिकरण गृह मंत्रालयाच्या सीमा व्यवस्थापन विभागाखाली येते, वाणिज्य किंवा जहाजबांधणी मंत्रालयाखाली नाही. तक्रार कुठे करायची हे ठरवताना ही गोष्ट उपयोगी पडते.

कोणती बंदरे कधी सुरू झाली?

पहिल्या टप्प्यात सात ठिकाणे होती: अटारी, आगरतळा, पेट्रापोल, रक्सौल, जोगबनी, मोरे आणि डावकी. अटारी एप्रिल २०१२ मध्ये सुरू झाले, पेट्रापोल आणि रक्सौल २०१६ मध्ये, आणि डावकी मे २०२३ मध्ये. एकाच टप्प्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या बंदरात अकरा वर्षांचे अंतर पडले. कारणे ठरलेलीच: भूसंपादन राज्याकडे, जोडरस्ता दुसऱ्या खात्याकडे, आणि समोरच्या देशाची जागा तयार नाही. दुसऱ्या टप्प्याच्या मूळ यादीत हिली आणि चांग्राबांधा ही उत्तर बंगालमधली दोन ठिकाणेही होती.

राज्याच्या हद्दीवरच्या तपासणी नाक्यांशी याचा संबंध आहे का?

नाही. महाराष्ट्राच्या हद्दीवरचे नाके परिवहन विभागाच्या तपासणीसाठी होते आणि त्यांचे आधुनिकीकरण ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर, वाहनांकडून सेवाशुल्क घेऊन झाले. भूबंदरावर कस्टम्स आणि परकीय सीमा येते. दोन्हींचा पैसा आणि कायदा पूर्णपणे वेगळा आहे.

भूबंदर उभारायला पैसा कुठून येतो?

‘सरकारकडून’ एवढे उत्तर पुरेसे नाही. एकाच नाक्यावर चार-पाच खिशांतून पैसा येतो, आणि एक खिसा रिकामा राहिला तरी बाकीच्यांचा खर्च पडून राहतो.

इमारत, शेड, पार्किंग आणि कुंपण यांचा खर्च केंद्राच्या अर्थसंकल्पातून, गृह मंत्रालयामार्फत होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पेट्रापोलला नवे प्रवासी टर्मिनल आणि ‘मैत्री द्वार’ हे मालवाहतुकीचे सामाईक फाटक सुरू झाले. त्यावर सुमारे ४८७ कोटी रुपये खर्च झाले असून टर्मिनलची क्षमता रोज २५,००० प्रवाशांची आहे. सीमेवरचे कुंपण, फ्लडलाइट, गस्तीचे रस्ते आणि चौक्या यांचा पैसा वेगळा: सीमा पायाभूत सुविधा व व्यवस्थापन योजनेला २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी १३,०२० कोटी रुपये मंजूर झाले. इमिग्रेशन काउंटरवरची संगणक प्रणाली आणखी तिसऱ्या योजनेतून येते. तिला २०२६ पर्यंतच्या पाच वर्षांसाठी सुमारे १,३६५ कोटींची मंजुरी मिळाली. कस्टम्सची संगणक प्रणाली अर्थ मंत्रालयाच्या खर्चाची. आणि बंदरापर्यंत जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्गाच्या किंवा राज्याच्या तिजोरीतून.

समोरच्या बाजूचा पैसा आणखी निराळा. बांगलादेशने आपल्या स्थलबंदरांसाठी जागतिक बँकेचे कर्ज घेतले: २०१७ मध्ये १५ कोटी डॉलर (भोमरा, शेओला, रामगढ आणि बेनापोलची सुरक्षा व्यवस्था), आणि २०२२ मध्ये बांगलादेश व नेपाळसाठी मिळून सुमारे १०३ कोटी डॉलरचा मोठा कार्यक्रम. नेपाळच्या बाजूचे बीरगंज, विराटनगर आणि नेपाळगंज हे नाके भारताच्या अनुदानातून बांधले गेले. नेपाळगंज आणि आपल्या बाजूचे रुपईडीहा यांचे उद्घाटन एकाच दिवशी, १ जून २०२३ रोजी झाले. आमच्या मते हाच खरा धडा आहे. जिथे दोन्ही बाजू एकाच वेळी बांधल्या गेल्या, तिथे निदान फाटकांची रुंदी आणि रस्त्याची पातळी तरी जुळते.

एकदा बांधल्यावर रोजचा खर्च कसा निघतो? आम्ही भरतो ते शुल्क कुणाकडे जाते?

दोन पैसे वेगळे समजून घ्या. सीमाशुल्क, म्हणजे ड्यूटी, भारताच्या संचित निधीत जाते. त्यातला वाटा बंदराला आपोआप मिळत नाही. बंदराची स्वतःची कमाई प्रवेश, पार्किंग, वजनकाटा, गोदामभाडे, माल चढ-उतार आणि दुकानांचे भाडे यांतून होते. प्राधिकरणाच्या कायद्यात असे शुल्क आकारायची तरतूद आहे. गोदाम आणि माल हाताळणीचे काम केंद्रीय वखार महामंडळासारख्या संस्था कंत्राटावर करतात.

अडचण इथेच आहे. व्यापार बंद झाला की कमाई थांबते, पण वीज, सुरक्षा, देखभाल आणि कर्मचारी यांचा खर्च चालूच राहतो. अटारीचे उदाहरण ठळक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानबरोबरचा द्विपक्षीय व्यापार थांबला, मग अफगाण सुकामेव्यावर बंदर तग धरून होते, आणि एप्रिल २०२५ मधल्या पहलगाम हल्ल्यानंतर ते बंद करण्यात आले. हमाल, पोर्टर, दलाल आणि वाहतूकदार अशा शेकडो कुटुंबांचे पोट त्या एका फाटकावर होते.

एवढा खर्च होऊनही पेट्रापोलला ट्रक अनेक दिवस का थांबतात?

जागतिक बँकेच्या २०२१ च्या अभ्यासात पेट्रापोल–बेनापोल ओलांडायला सरासरी १३८ तास लागत असल्याचे नोंदले आहे. त्यांपैकी २८ तास फक्त एका ट्रकमधून दुसऱ्या ट्रकमध्ये माल भरण्यात जात. पूर्व आफ्रिकेत तेवढ्याच वर्दळीच्या नाक्यांवर सहा तासांच्या आत काम होते, असेही तो अभ्यास सांगतो. आपल्याकडच्या विलंबाची कारणे अशी आहेत.

रस्ता. कोलकात्याहून सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या पेट्रापोलला जाणारा जेसोर रोड बारासातपासून बनगावपर्यंत अरुंद आहे. दोन्ही बाजूंना जुने महाकाय वृक्ष आणि मध्ये रेल्वेची फाटके. पाच उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडे तोडावी लागणार होती. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये परवानगी मिळाली. बंदर २०१६ चे, पुलांचा मार्ग मोकळा झाला तो २०२३ मध्ये. झाडांची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे अजिबात क्षुल्लक नव्हते. पण बंदराची जागा ठरवतानाच रस्त्याचा विचार झाला असता तर ही वेळ आली नसती.

दोन संगणक. आपली कस्टम्स प्रणाली आयसीईएस, त्यांची असायकुडा वर्ल्ड. दोघांत थेट देवाणघेवाण नसल्याने इकडे भरलेली माहिती तिकडे पुन्हा टंकावी लागते. टंकताना वजनाचा एक आकडा चुकला की दुरुस्तीला अर्धा दिवस जातो.

वेळापत्रक. १ ऑगस्ट २०१७ पासून पेट्रापोल–बेनापोल चोवीस तास खुले आहे. पण फाटक उघडे असले म्हणजे काम होते असे नाही. क्वारंटाइन अधिकारी, शुल्क भरायची बँक, दोन्हीकडचे क्लिअरिंग एजंट आणि हमाल हे सगळे रात्री हजर असतील तरच रात्रीची पाळी खरी. शिवाय आपली साप्ताहिक सुट्टी रविवारी, त्यांची शुक्रवारी. शुक्रवारी अनेक छोट्या नाक्यांवर व्यवहार बंदच असतो. दुर्गापूजा आणि ईद यांच्या सुट्ट्या मागे-पुढे आल्या तर आठवडा जातो.

माल बदलणे. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांच्यात जून २०१५ मध्ये थिंफूला मोटार वाहन करार झाला. तो सुरळीत लागू झाला असता तर ट्रक थेट ढाक्याला गेला असता. तसे झालेले नाही, त्यामुळे भारतीय ट्रक बेनापोलच्या आवारात रिकामा होतो. तिथे जागा नसेल तर तो रिकामा होईपर्यंत मागचा ट्रक पुढे सरकत नाही. आपल्या बाजूला दहा फाटके उभारली तरी हा वेग बदलत नाही, कारण रांगेचा वेग समोरच्या शेडमधले हमाल ठरवतात.

पार्किंगच्या गोंधळात काही सुधारणा झाली का?

हो, आणि ती कमी खर्चात झाली. पूर्वी बनगाव परिसरातल्या पार्किंगमध्ये ट्रक कित्येक दिवस आणि कधी कधी आठवडे पडून राहत. क्रमांक कसा लागतो हे कुणालाच धड कळत नसे. २०२२ पासून पश्चिम बंगाल सरकारची ‘सुविधा’ ही ऑनलाइन स्लॉट नोंदणी सुरू झाली. आधी शुल्क भरून तारीख घ्यायची आणि त्या तारखेला ट्रक आणायचा. वाहनप्रकारानुसार शुल्क बदलते आणि ते सुधारलेही जाते, म्हणून दर पोर्टलवरच पाहावा. कुणी ‘आतली सोय’ करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

स्लॉट घेताना एक हिशोब करा. नाशिक जिल्ह्यातून पेट्रापोल सुमारे दोन हजार किलोमीटर, म्हणजे चार ते पाच दिवस. स्लॉट त्याच्याही एक दिवस पुढचा घ्या. वाटेत टायर फुटला आणि स्लॉट हुकला तर पुन्हा रांगेच्या शेवटी जावे लागते, आणि हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे भाडे, तुमच्या बिलात लागते.

नाशिकहून निघालेला कांद्याचा ट्रक बेनापोलला पोहोचेपर्यंत काय काय होते?

सुरुवात ट्रक भरण्याच्या आधी होते. खरेदीदाराकडून दोन गोष्टी हातात हव्यात: बांगलादेशच्या कृषी विस्तार विभागाचा आयात परवाना, ज्याला सगळे आयपी म्हणतात, आणि बँकेमार्फत आलेले एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी. स्थानिक शेतकऱ्यांचा कांदा निघतो तेव्हा बांगलादेश आयपी देणे थांबवतो. २०२३ मध्ये मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत तसेच झाले होते. ‘आयपी येईलच’ या भरवशावर ट्रक हलवू नका.

मग तुमचा कस्टम्स ब्रोकर आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर कागद भरतो. समुद्रमार्गाने जाणाऱ्या मालाला कायद्यात शिपिंग बिल म्हणतात, जमिनीवरून जाणाऱ्याला बिल ऑफ एक्स्पोर्ट. बोलताना सगळे शिपिंग बिलच म्हणतात. सोबत इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, ट्रक रिसीट, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट आणि मूळ देशाचा दाखला. जीएसटी न भरता निर्यात करायची असेल तर त्या आर्थिक वर्षाचे एलयूटी, म्हणजे हमीपत्र, हवे.

पेट्रापोलला पोहोचल्यावर ट्रक आधी पार्किंगमध्ये, मग स्लॉटप्रमाणे बंदरात. वजनकाट्यावर भरलेल्या गाडीचे वजन, कागदांची पडताळणी, गरज पडल्यास तपासणी. अधिकारी ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’ देतात. तोवर माल निर्यातीसाठी मोकळा झालेला नसतो. त्यानंतर वाहन आणि चालकासाठी कार पास. सीमा सुरक्षा दलाची तपासणी होऊन गाडी शून्य रेषा ओलांडते. पलीकडे पुन्हा वजन, पुन्हा कागद, शेडमध्ये रिकामी, आणि परत. चालकाला बेनापोलच्या बंदर आवाराबाहेर जाता येत नाही, त्यामुळे दोन दिवसांचे खाणे, पाणी आणि औषधे गाडीत ठेवायला सांगा.

लांब पल्ल्याच्या काही गाड्या पलीकडे जायला तयार नसतात. तेव्हा बनगावला स्थानिक गाडीत माल भरावा लागतो. कांद्याच्या गोण्या दोनदा आपटल्या की तळाच्या थराला मार लागतो, आणि एक सडलेला कांदा पूर्ण गोणी ओली करतो. भाडे ठरवतानाच ‘बेनापोल खाली’ की ‘पेट्रापोल खाली’, म्हणजे माल कुठे उतरणार, हे कागदावर लिहून घ्या.

कागदांत सर्वात जास्त चुका कोणत्या होतात?

एडी कोड. तुमचे बँक खाते ज्या शाखेत आहे तिचा कोड त्या नाक्यासाठी आइसगेटवर नोंदलेला नसेल तर बिलच तयार होत नाही. न्हावा शेवासाठी नोंदलेला कोड पेट्रापोलला आपोआप चालेल असे समजू नका. पहिला ट्रक भरण्याच्या आठवडाभर आधी हे तपासा.

एलसीतली भाषा. मालाचे वर्णन एलसीत जसे असेल तसेच, अक्षर न अक्षर, इन्व्हॉइसवर हवे. ‘फ्रेश ओनियन’ आणि ‘फ्रेश रेड ओनियन’ हे बँकेच्या नजरेत दोन वेगळे माल आहेत. एलसीत अनेकदा इंडियन बँक्स असोसिएशनच्या मान्यताप्राप्त वाहतूकदाराची ट्रक रिसीट मागितलेली असते. आपल्या गावच्या ट्रान्सपोर्टची रिसीट मग बँक नाकारते. शेवटच्या शिपमेंटची तारीख पार्किंगमध्ये उलटून जाण्याचे प्रकारही होतात. खरेदीदाराकडून किमान पंधरा दिवसांची मोकळीक मागून घ्या.

वजन. कांदा प्रवासात वाळतो. लासलगावच्या काट्यावरचे वजन पाच दिवसांनी पेट्रापोलच्या काट्यावर तेवढेच भरत नाही. ही घट गृहीत धरून कागदावर नग आणि निव्वळ वजन लिहिले नाही, तर बेनापोलला वाद ठरलेला.

परताव्याचा कागद. आयजीएसटी भरून निर्यात केली असेल तर इन्व्हॉइस क्रमांक जीएसटीआर-१ या विवरणपत्रामध्ये आणि बिल ऑफ एक्स्पोर्टमध्ये सारखाच हवा, डॅश आणि तिरप्या रेघेसकट. शिवाय माल सीमा ओलांडल्याचा निर्यात मॅनिफेस्ट प्रणालीत भरला गेला पाहिजे. तो राहून गेला की परतावा अडकतो, आणि निर्यातदाराला ते महिन्यांनी कळते. ट्रक परत आला की त्याच आठवड्यात ब्रोकरला मॅनिफेस्टचा क्रमांक मागा.

ट्रक वाटेत असताना सरकारने निर्यातशुल्क लावले किंवा बंदी घातली तर?

निर्यातशुल्काचा दर कोणत्या दिवशीचा धरायचा हे सीमाशुल्क कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे: ज्या दिवशी लेट एक्स्पोर्ट ऑर्डर मिळते, त्या दिवशीचा. ट्रक मार्केट यार्डातून कधी निघाला, सौदा कधी झाला, एलसी कधीचे, याला किंमत नाही. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के शुल्क लागले तेव्हा नाक्यावर उभ्या आणि रस्त्यातल्या गाड्या याच कलमाने अडकल्या. जुन्या भावाने केलेल्या सौद्यात ४० टक्के कुठून आणायचे?

बंदी असेल तर परदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेतली संक्रमणाची, म्हणजे आधीच निघालेल्या मालाबाबतची, तरतूद वाचायची. १४ सप्टेंबर २०२० च्या बंदीनंतर बंगालच्या नाक्यांवर ट्रक उभे राहिले, काही माल सडला, आणि मग काही दिवसांनी बांगलादेशसाठी २५,००० टनांची सूट मिळाली. ७ डिसेंबर २०२३ च्या बंदीने पुन्हा तोच प्रसंग आणला. बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. शुल्क पूर्ण गेले ते १ एप्रिल २०२५ पासून.

बंदी घालायची की नाही हा धोरणाचा प्रश्न. पण नाशवंत माल वाटेत असताना मध्यरात्री दार बंद करणे शेतकऱ्यावर अन्याय आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आपल्या हातात एवढेच: सौद्यात ‘लेट एक्स्पोर्टपूर्वी लागलेला कोणताही नवा कर खरेदीदाराचा’ असे कलम लिहून घेणे, आणि भाव चढत असताना एका वेळी दहा गाड्यांऐवजी तीन गाड्या सोडणे.

संत्र्याचे काय? नाका सुधारला तर विदर्भाला फायदा होईल?

थोडा. संत्र्याची मुख्य अडचण बांगलादेशने टप्प्याटप्प्याने वाढवलेले आयातशुल्क आहे, ते फाटकावर सुटणारे नाही. मात्र संत्रे रांगेत दोन दिवस कमी थांबले तर सड घटते आणि तेवढा भाव वाचतो. क्रेटमध्ये हवा खेळती ठेवा. ताडपत्री घट्ट आवळून उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टी होते.

२०२५ मध्ये बांगलादेशी कपडे आणि ताग न्हावा शेवाला का वळवले गेले?

१७ मे २०२५ च्या अधिसूचनेने बांगलादेशातून येणारे तयार कपडे सर्व भूबंदरांवर बंद केले. ते फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या सागरी बंदरांतून आणता येतात. २७ जूनला ताग आणि तागाच्या काही वस्तूंसाठी फक्त न्हावा शेवा उरले, ऑगस्टमध्ये त्या यादीत भर पडली. त्याआधी एप्रिलमध्ये बांगलादेशने भारतीय सुताची भूमार्गाने आयात थांबवली होती आणि भारताने त्यांच्या मालाला दिलेली ट्रान्सशिपमेंटची (भारतातून तिसऱ्या देशात माल पाठवण्याची) सवलत काढली होती. म्हणजे ट्रकने थेट येणारा माल आता जहाजाने भारताला वळसा घालून रायगड जिल्ह्यात उतरतो. मुंबई-भिवंडीच्या आयातदारांनी जुन्या सौद्यांत ‘पेट्रापोल पोच’ लिहिले असेल तर ते बदलून घ्यावे.

प्रत्येक ट्रक स्कॅनरमधून का काढत नाहीत?

स्कॅनर क्ष-किरणांनी घनतेची सावली दाखवतो. लोखंडी पेटीत लपवलेले पिस्तूल उठून दिसते. पण मिठाच्या, सिमेंटच्या किंवा कांद्याच्या गोण्यांत मिसळलेली पावडर सहज लपते, कारण चित्रात घनता जवळपास सारखीच दिसते. चित्र वाचणारा माणूस शिकलेला नसेल तर यंत्र असून नसल्यासारखे. शिवाय अशा यंत्राला मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, चालकाला किरणांपासून दूर ठेवावे लागते, आणि देखभालीचा करार संपला की ते झाकून पडते. खरेदीच्या निविदेतच पाच-सात वर्षांची देखभाल, सुटे भाग आणि प्रशिक्षण लिहिलेले असणे म्हणूनच फार महत्त्वाचे.

जून २०१९ मध्ये अटारीला सैंधव मिठाच्या ६०० गोण्या आल्या. त्यांतल्या फक्त १५ गोण्यांत हेरॉइन होते, ५३२ किलो. आता गणित पाहा. ६०० पैकी कोणत्याही १० गोण्या उघडल्या तर त्या १५ पैकी एक तरी सापडण्याची शक्यता जेमतेम २२ टक्के. ६० उघडल्या तर ८० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे खरी सुरक्षा हवी असेल तर गोण्या उतरवायला छप्पर असलेली शेड, पुरेसे हमाल, वजनकाटा आणि कुत्र्यांचे पथक हवे. एप्रिल २०२२ मध्ये त्याच बंदरावर अफगाणिस्तानातून आलेल्या ज्येष्ठमधात १०२ किलो हेरॉइन सापडले. ते लाकडाच्या पोकळ ओंडक्यांत भरलेले होते. प्रत्येक ट्रक असा उघडता येत नाही, म्हणून आयातदाराचा इतिहास, माल कुठून आला आणि भाव बाजाराशी जुळतो का, यावरून संशयित गाड्या निवडतात. या निवडीसाठी लागणारी माहिती माल येण्याआधी मिळणे, हा आधुनिकीकरणातला सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित भाग आहे.

रिकामा परतणारा ट्रक का अडवतात?

बेनापोलहून रिकाम्या येणाऱ्या गाड्यांत सोन्याची बिस्किटे लपवल्याचे प्रकार वारंवार उघड झाले आहेत: केबिनच्या छतात, सीटखाली, बॅटरीच्या खोक्यात. सापडले तर चालक अटकेत जातो आणि गाडी जप्त होते. मालकाने चालकाला लेखी सूचना द्यावी की पलीकडून कुणाचेही पार्सल घ्यायचे नाही, मिठाईचा डबासुद्धा नाही. गाडीत नंतर बसवलेले कप्पे काढून टाका. त्यांनी तपासणी लांबते.

रेल्वेने पाठवता येईल का?

येईल, पण पूर्ण रेकचा, म्हणजे अख्ख्या मालगाडीचा, माल हवा. २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ते अडले तेव्हा लासलगाव भागातून कांद्याच्या गाड्या गेदे–दर्शना मार्गे बांगलादेशात गेल्या, आणि आंध्रातल्या गुंटूर भागातून सुकी मिरची पार्सल गाडीने बेनापोलला पोहोचली. रेल्वेत पार्किंग आणि बनगावची रांग टळते. मात्र पलीकडे रेक रिकामा करायला ठरलेले तास असतात, त्यापुढे डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. खरेदीदाराकडे एकाच दिवशी तेवढे हमाल आणि ट्रक आहेत का, हे आधी विचारा. चार-पाच निर्यातदार एकत्र आले तर रेक परवडतो, पण प्रत्येकाचे एलसी, आयपी आणि फायटो वेगळे आणि पूर्ण हवे. एकाचा कागद अडकला तर त्याच्या वॅगन उतरत नाहीत आणि भुर्दंड सगळ्यांना पडतो.

नेपाळला माल पाठवताना हेच नियम लागू पडतात का?

बरेचसे सोपे. भारतीय ट्रक नेपाळमध्ये आत जाऊ शकतो, व्यवहार रुपयांत होतो आणि सीमेवर सशस्त्र सीमा बल असते. पुणे-नाशिक पट्ट्यातली वाहने आणि सुटे भाग रक्सौल–बीरगंजवरून जातात. तिसऱ्या देशातून कोलकाता किंवा हल्दियाला उतरून नेपाळला जाणाऱ्या कंटेनरला इलेक्ट्रॉनिक कुलूप लावतात. ते वाटेत उघडले गेले तर लगेच इशारा जातो, त्यामुळे मध्ये पुन्हा पुन्हा तपासणी लागत नाही. कुलूप लावल्यावर त्याचा क्रमांक कागदाशी जुळतो का, हे बंदरातच पाहून घ्या. रक्सौलला पोहोचल्यावर चूक निघाली तर दुरुस्ती कोलकात्यातूनच करावी लागते.